मूत्रपिंड प्रत्यारोपण : ऊतकजुळणी व दात्याची आनुवंशिकता

प्रत्यारोपित मूत्रपिंड किती वर्षे टिकेल हे ज्या गोष्टींवर ठरते, त्यांत दाता व रुग्ण यांच्या ऊतकांतील आनुवंशिक साम्याला मोठे स्थान आहे. हे साम्य सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए जनुकांवरून, म्हणजे पेशींची ओळख ठरवणाऱ्या जनुकांवरून, पाहतात. ए, बी आणि डीआर या तीन स्थानांवरील प्रत्येकी दोन, अशा सहा प्रतिजनांची (पेशींवरील ओळखचिन्हांची) तुलना होते; त्यांपैकी डीआरमधील तफावत सर्वांत बाधक मानली जाते. हा जनुकसंच आईकडून एक आणि वडिलांकडून एक असा बहुधा अखंड येतो. त्यामुळे आईवडिलांशी अपत्य निम्मे जुळतेच. सख्ख्या भावंडांत मात्र पूर्ण जुळणीची शक्यता २५ टक्के, निम्म्या जुळणीची ५० टक्के आणि अजिबात न जुळण्याची २५ टक्के असते. जोसेफ मरे यांनी १९५४ मध्ये बॉस्टन येथे केलेले प्रत्यारोपण यशस्वी झाले, ते दाता व रुग्ण एकरूप जुळे भाऊ होते म्हणूनच.

गोव्यात, विशेषतः मूत्रपिंडविकाराचे प्रमाण दीर्घकाळ चिंताजनक राहिलेल्या काणकोण तालुक्यात, हा विषय अनेक घरांच्या जिव्हाळ्याचा आहे. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा. तो संसदेत येण्यापूर्वी ज्या तीन राज्यांच्या विधिमंडळांनी त्यासाठी ठराव केले त्यांत गोवा होते. या कायद्याने जवळचा नातलग म्हणून पतिपत्नीलाही दाता मानले आहे, आणि ‘मॅचिंग कमी आले’ एवढ्यावरून पत्नीचे नाव बाजूला सारणे योग्य नाही. अमेरिकेतील नोंदींवर आधारित १९९५ च्या एका अभ्यासात पती किंवा पत्नीने दिलेली ८५ टक्के मूत्रपिंडे तीन वर्षांनंतर कार्यरत होती. आईवडिलांनी दिलेल्यांत हे प्रमाण ८२ टक्के, तर मृत दात्यांच्या मूत्रपिंडांत ७० टक्के होते. जिवंत दात्याचे निरोगी मूत्रपिंड शरीराबाहेर अल्पकाळच राहते, हा लाभ कमी जुळणीची उणीव बरीच भरून काढतो. पूर्ण जुळणाऱ्या दात्याची वाट पाहत डायलिसिसवर काढलेली वर्षे मात्र पुढील यशाला मारक ठरतात.

याहून गंभीर अडसर रुग्णाच्या रक्तात आधीच असलेल्या प्रतिपिंडांचा, म्हणजे परक्या प्रतिजनांवर हल्ला करणाऱ्या प्रथिनांचा आहे. रक्त चढवणे, पूर्वीचे प्रत्यारोपण किंवा गर्भारपण यांतून ती तयार होतात. म्हणून पती पत्नीला मूत्रपिंड देणार असेल, तर अपत्यांच्या वेळी तिच्या शरीराला पतीच्या प्रतिजनांची ओळख झाली होती का, हे कटाक्षाने तपासावे लागते. क्रॉसमॅच चाचणीत रुग्णाचा रक्तद्रव दात्याच्या लसिकापेशींत (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींत) मिसळतात. त्या पेशी मेल्या तर ते मूत्रपिंड बसवल्यावर काही तासांतच निकामी होण्याचा धोका असतो.

दात्याचे जनुक आणखी एका वाटेने परिणाम करतात. पश्चिम आफ्रिकी वंशाच्या काही लोकांत आढळणारी एपीओएल१ जनुकाची सदोष रूपे दात्याच्या त्या जनुकाच्या दोन्ही प्रतींत असतील, तर त्याचे मूत्रपिंड लवकर निकामी होण्याचा संभव वाढतो. आपल्याकडे अधिक प्रसंग येतो तो मूत्रपिंडात द्रवाने भरलेल्या अनेक पुटी होणाऱ्या आनुवंशिक बहुपुटी विकाराचा. रुग्णाला हा विकार पालकाकडून आला असल्यास प्रत्येक भावंडाला तो असण्याची शक्यता ५० टक्के असते, आणि तरुण वयात सोनोग्राफी निर्दोष आली तरी विकार नसल्याची खात्री देता येत नाही. अशा भावंडाचे मूत्रपिंड घेण्यापूर्वी जनुकचाचणी करतात.