आयोवातील हरिण-शिकार परवाना : परराज्यातील अर्जदारांसाठी प्रक्रिया, पात्रता आणि कागदपत्रे

अमेरिकेत वन्यजीवांचे व्यवस्थापन मुख्यतः राज्यांच्या अखत्यारीत येत असल्यामुळे परराज्यातील शिकाऱ्यांना किती परवाने द्यायचे हे प्रत्येक राज्य स्वतः ठरवते. त्यांच्याकडून रहिवाशांपेक्षा जास्त शुल्क घेण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये, मोंटाना राज्यातील एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीसंबंधीच्या खटल्यात, मान्य केला. पांढऱ्या शेपटीच्या हरणांसाठी नावाजलेल्या आयोवाचे नियम यात विशेष काटेकोर आहेत.

नर किंवा मादी यांपैकी कोणतेही एक हरीण मारण्याची मुभा देणारे 6,000 परवाने परराज्यातील अर्जदारांसाठी दरवर्षी असतात आणि त्यांतले 35 टक्क्यांपेक्षा जास्त परवाने धनुष्यबाणाच्या शिकारीसाठी देता येत नाहीत. त्यासाठी राज्याचे 10 विभाग पाडलेले असून अर्जात विभाग आणि हंगाम दोन्ही नमूद करावे लागतात. आयोवाचे नैसर्गिक साधनसंपत्ती खाते हे अर्ज साधारणपणे मेच्या पहिल्या शनिवारपासून जूनच्या पहिल्या रविवारपर्यंत स्वीकारते.

मागणी कोट्यापेक्षा जास्त असल्यास सोडत निघते. परवाना न मिळालेल्या अर्जदाराच्या खात्यात एक प्राधान्य गुण जमा होतो, पुढील सोडतीत अधिक गुणवाल्यांचा विचार आधी होतो आणि परवाना मिळताच साठलेले गुण शून्यावर येतात. त्या वर्षी शिकारीला जायचे नसले तरी याच मुदतीत केवळ गुण विकत घेता येतो. दक्षिणेकडील विभागांत धनुष्यबाणाच्या परवान्यासाठी काही वर्षांचे गुण लागतात, म्हणून ज्याला तिथे जायचे आहे त्याने गुण साठवणे आजच सुरू करावे, हेच शहाणपणाचे.

अर्जासाठी जन्मतारीख, सोशल सिक्युरिटी क्रमांक आणि कायमचा पत्ता लागतो. 1 जानेवारी 1972 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकार-सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आवश्यक असून अन्य राज्याचे प्रमाणपत्रही चालते. हरिण-परवान्याखेरीज सर्वसाधारण शिकार परवाना आणि वन्यजीवांच्या अधिवासासाठीचे शुल्क (हॅबिटॅट फी) वेगळे भरावे लागते.

एच-1बी व्हिसावर राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींनी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. अशा व्हिसाधारकांना बंदूक बाळगण्यास संघीय कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई असून, अमेरिकेतील वैध शिकार परवाना हा त्याला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक आहे. त्यामुळे परवाना हाती येण्यापूर्वी बंदूक विकत घेऊ नये.

आयोवातील बहुतांश जमीन खासगी आहे आणि परवाना नेमलेल्या विभागापुरताच चालतो, म्हणून जमीनमालकाची परवानगी आधी मिळवावी आणि मगच अर्जात विभाग भरावा.