प्रोस्टेट लेझरने, पण कोणत्या लेझरने?

‘लेझरने करून टाकू’ असे डॉक्टर म्हणाले की घरच्यांना हायसे वाटते. टाके नाहीत, रक्त नाही, दुखणे नाही, असे काहीसे चित्र डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात दुर्बिणीतून होणारी जुनी शस्त्रक्रियाही बिनटाक्यांचीच असते. आणि ‘लेझर’ या एका शब्दाखाली एकमेकांपासून पुष्कळ वेगळी ऑपरेशने मोडतात. लेझर कोणता आणि त्याने ग्रंथीचे नेमके काय करणार, हे दोन प्रश्न प्रत्येक रुग्णाने विचारावेत असे मला मनापासून वाटते.

प्रोस्टेट, म्हणजे पुरःस्थ ग्रंथी, मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रमार्गाला वेढून बसलेली असते. तरुणपणी तिचे वजन साधारण २० ग्रॅम असते. वय वाढते तसा तिचा मूत्रमार्गालगतचा आतला भाग वाढू लागतो. पन्नाशीतल्या जवळपास निम्म्या पुरुषांत ही वाढ आढळते, ऐंशी ओलांडलेल्यांत तर बहुतेकांत. ही वाढ कर्करोग नव्हे. मात्र तिच्यामुळे धार बारीक होते, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, झाल्यावरही पोट मोकळे वाटत नाही, रात्री तीनतीनदा उठावे लागते. ग्रंथी केवढी आहे यावरून त्रास किती हे ठरत नाही. मोठ्या ग्रंथीचा माणूस आरामात असतो आणि लहान ग्रंथीच्या माणसाची लघवी एका रात्रीत पूर्ण तुंबते, असेही घडते. त्यामुळे सोनोग्राफीच्या अहवालातला आकडा पाहून घाबरून ऑपरेशनला धावू नये. बहुतेकांचे औषधांवर भागते. औषधांनी भागत नाही, लघवी वारंवार तुंबते, मूत्राशयात खडे होतात किंवा मूत्रपिंडांवर ताण येऊ लागतो, तेव्हा शस्त्रक्रियेची वेळ येते.

१९००च्या सुमारास लंडनमध्ये पीटर फ्रेयर हे आयरिश सर्जन पोटावर छेद घेऊन मूत्राशयातून बोट आत घालत आणि वाढलेला भाग बोटानेच सोडवून काढत. फ्रेयर त्याआधी भारतात इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते. हे बोटाने जमत असे, कारण वाढलेला गर आणि ग्रंथीचे बाहेरचे कवच यांच्यामध्ये एक नैसर्गिक पातळी असते. संत्र्याची साल जशी फोडींपासून सुटी होते, तसा तो गर कवचापासून सुटतो. रुग्णाला मोकळे वाटे, पण रक्तस्राव बराच होई आणि जखम मोठी असे.

पुढे मूत्रमार्गातून दुर्बीण घालून विजेच्या तारेने गराचे तुकडे कापून काढायची पद्धत आली. तिला टीयूआरपी म्हणतात आणि ती आजही भरवशाची मानली जाते. तिच्या मूळ रूपात एक अडचण होती. विजेचा प्रवाह भलतीकडे पसरू नये म्हणून आत मीठविरहित द्रव सोडावा लागे. कापलेल्या शिरांतून तो रक्तात शिरे आणि रक्तातले सोडियम घसरे. त्यामुळे ऑपरेशन साधारण तासाभरात आटोपावे लागे आणि फार मोठ्या ग्रंथींसाठी पोट उघडावेच लागे. नव्या, बायपोलर यंत्रांत साधे सलाईन चालते, म्हणून हा धोका पुष्कळ कमी झाला आहे.

पहिला लेझर थिओडोर मेमन यांनी १९६० साली उजळवला. लेझरचा प्रकाश एकाच तरंगलांबीचा असतो आणि शरीरात तो काय करणार हे त्या तरंगलांबीवर ठरते. प्रकाश शोषला गेला तरच उष्णता निर्माण होते. तो कशात शोषला जातो, पाण्यात की रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये, हाच इथला कळीचा मुद्दा.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला वापरलेल्या निओडिमियम-याग लेझरची तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर. पाणी वा रक्त ती फारशी अडवत नाही, म्हणून हा प्रकाश ऊतीत खोलवर शिरे आणि आतला भाग शिजवून टाके. मेलेला भाग पुढे कित्येक आठवडे गळत राही. तोवर जळजळ होई आणि कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, बरेच दिवस ठेवावा लागे. लेझरवरच्या सुरुवातीच्या नाराजीचे मूळ इथे आहे, आणि ती नाराजी रास्त होती.

५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर याउलट हिमोग्लोबिनमध्ये पटकन शोषला जातो. रक्ताने भरलेली ऊती जागच्या जागी वाफ होऊन जाते आणि शिरा बंद होत जातात. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना याचा खास उपयोग होतो. पण वाफ झालेल्या ऊतीचा तुकडा मागे उरत नाही, त्यामुळे आत कर्करोगाची पेशी दडली होती का, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येत नाही.

होल्मियम लेझरची गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते. त्याची तरंगलांबी २१४० नॅनोमीटरच्या आसपास. पाणी तिला इतक्या जोराने शोषून घेते की उष्णता अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी खोल जाते. प्रकाश ठोक्याठोक्यांनी येतो आणि दर ठोक्याला लेझर आत नेणाऱ्या तंतूच्या टोकाशी वाफेचा बुडबुडा फुटतो. तो बुडबुडा ऊतीचे थर एकमेकांपासून विलग करतो. न्यूझीलंडमधल्या टौरांगा गावी पीटर गिलिंग आणि मार्क फ्राउनडॉर्फर यांनी १९९०च्या दशकात याच गुणाचा उपयोग केला. फ्रेयर यांचे बोट ज्या पातळीतून फिरे, तीच पातळी त्यांनी दुर्बिणीतून शोधली आणि संपूर्ण गर कवचापासून सोडवून मूत्राशयात ढकलला. तिथे एक कातरयंत्र त्याचे बारीक तुकडे करून बाहेर ओढून घेते. या शस्त्रक्रियेला होलेप म्हणतात. थुलियम लेझरनेही आता हेच काम होते.

ग्रंथी शंभर-दीडशे ग्रॅमची असली तरी पोट उघडावे लागत नाही. आत सलाईन चालते. कॅथेटर बहुधा एक-दोन दिवसांत निघतो. काढलेला सगळा गर तपासणीला पाठवता येतो, आणि मुळापासून काढल्यामुळे पुन्हा ऑपरेशनची गरज क्वचितच पडते.

हे सगळे खरे, पण सर्जनचा हात तयार असावा लागतो. होलेप शिकायला अवघड आहे. पहिली काही डझन ऑपरेशने होईपर्यंत हात बसत नाही, असे त्यातले जाणकारच सांगतात. म्हणून ‘तुम्ही स्वतः अशी किती केलीत?’ हे विचारण्यात संकोच वाटू देऊ नये. ज्याचा हात टीयूआरपीवर बसला आहे, त्याच्याकडून मध्यम आकाराच्या ग्रंथीची टीयूआरपी करून घेणे हा अजिबात कमी दर्जाचा पर्याय नाही.

एक गोष्ट मात्र ऑपरेशनआधी स्पष्ट बोलली जायलाच हवी, आणि संकोचापायी ती नेमकी राहून जाते. गर काढल्यावर बहुतेक पुरुषांत वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जाते. त्याने इजा होत नाही, ताठरताही सहसा टिकून राहते, पण मूल हवे असलेल्यासाठी हा मोठा मुद्दा आहे. ऑपरेशननंतर काही आठवडे लघवीत थोडे रक्त दिसू शकते. खोकताना, शिंकताना लघवी निसटू शकते. ती तक्रार बहुतेकांत काही महिन्यांत जाते. वर्षानुवर्षे अडथळ्याविरुद्ध झगडून मूत्राशयाचा स्नायू जाड आणि चिडका झालेला असतो. वाट मोकळी झाली तरी त्याला शांत व्हायला वेळ लागतो, त्यामुळे घाईची लघवी लगेच थांबेलच असे नाही. आणि तो स्नायू थकूनच गेला असेल, तर उत्तम ऑपरेशननंतरही धार जोरात येणार नाही. हे आधी लघवीच्या दाबाची तपासणी करून पाहता येते.

ऑपरेशनने आतला गर जातो, पण बाहेरचे कवच राहते आणि प्रोस्टेटचा कर्करोग बहुतेकदा त्या बाहेरच्या भागातच उगम पावतो. म्हणून पीएसएची, म्हणजे प्रोस्टेटमध्ये तयार होणाऱ्या एका प्रथिनाची, रक्ततपासणी पुढेही चालू ठेवावी लागते. गर गेल्यामुळे तिचा आकडा बराच खाली येतो, पुष्कळदा एकच्याही आत. काही महिन्यांनी स्थिरावलेला तो आकडा त्या माणसापुरता नवा पाया धरायचा. तिथून तो दर वेळी चढत गेला, तर ‘नेहमीच्या मर्यादेच्या, चारच्या आत आहे ना’ म्हणून न थांबता युरोलॉजिस्टला दाखवावा.