सीमाभागातल्या घरांचा पैसा आणि खर्च: हिशेबामागचा इतिहास

सेन्सेक्स चढला की लोकांच्या हातात पैसा खेळू लागला, असा सूर बातम्यांत लागतो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांची स्थिती त्यावरून कळत नाही. घरात काय साठले आणि घराने काय खर्च केले, हे प्रश्न आपल्याकडे निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या गरजेपोटी विचारले गेले.

बेळगाव जिल्ह्याचे गॅझेटियर १८८४ साली निघाले, तेव्हा हा मुलूख मुंबई इलाख्यात होता. त्यात सावकार, मजुरी आणि धान्याचे भाव नोंदलेले आहेत, पण माणसाला जगायला किती लागते याचा शोध नाही. तो घेतला दादाभाई नौरोजींनी. १८६७-६८ साठी त्यांनी दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये काढले आणि तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राच्या खर्चाशी ते ताडून पाहिले.

स्वातंत्र्यानंतर दोन वाटा फुटल्या. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या पुढाकाराने १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण सुरू झाले आणि घरखर्चाची पद्धतशीर नोंद होऊ लागली. त्याच आकड्यांवर पुण्यातले अर्थतज्ज्ञ दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली गरिबीचा हिशेब मांडला: जगायला १९६०-६१ च्या भावाने खेड्यात माणशी महिना किमान १५ रुपये, शहरात साडेबावीस. दुसरी वाट कर्जाची. रिझर्व्ह बँकेच्या १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत सहकारी संस्थांचा कर्जातला वाटा जेमतेम ३ टक्के निघाला. बहुतेक कर्ज सावकारांचे होते. पुढे या पाहणीतूनच कर्ज आणि मालमत्तेची दशवार्षिक गणती वाढली. खर्च मोजणारे गरिबी शोधत होते, मालमत्ता मोजणारे सावकारी. शेअर बाजार यात कुठेच नव्हता.

तो आजही फारसा नाही. रिझर्व्ह बँकेच्या समितीने २०१७ मध्ये सांगितले की सरासरी भारतीय कुटुंबाच्या संपत्तीपैकी ८४ टक्के जमीन, घर आणि इतर वस्तूंत, ११ टक्के सोन्यात आणि फक्त ५ टक्के वित्तीय रूपात असते. आपल्याकडच्या वित्तीय साठ्याचा चेहराही वेगळाच आहे. उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये रोज दोन आणे गोळा करणारी पिग्मी ठेव काढली. बेळगावच्या पेठेत पिग्मी एजंट अजून दुकानोदुकानी फिरतो. ती ठेव बँकांच्या आकडेवारीत येते. गल्लीतली भिशी येत नाही.

सोन्याचे कोडे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. लग्नासाठी घेतलेले गंठण खर्चाच्या सर्वेक्षणात टिकाऊ वस्तूंवरचा खर्च म्हणून धरले जाते, आणि राष्ट्रीय लेख्यांत, म्हणजे देशाच्या उत्पन्न-बचतीच्या सरकारी हिशेबात, सोन्याचांदीचे दागिने बचतीच्या खात्यात येतात. तेव्हा ‘खर्च वाढला’ हे वाचताना कोणता तक्ता समोर आहे, हे आधी पाहावे.

हद्दीने गुंता आणखी वाढवला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले आणि आकडेही तिकडच्या सरासरीत गेले. बाजारहाट मात्र हद्द पाहत नाही. महाराष्ट्रातल्या चंदगडचे कुटुंब लग्नाचा बस्ता बांधायला बेळगावच्या खडेबाजारात येते, कर्नाटकातल्या निपाणीचे कोल्हापूर गाठते. दुकानात रोख घेतलेल्या मालाचा जीएसटी दुकान ज्या राज्यात असेल तिथे नोंदला जातो. खर्चाच्या सर्वेक्षणात मात्र कुटुंब राहते तिथला खर्च धरतात. चंदगडकराने बेळगावात घेतलेली एकच साडी करात कर्नाटकाची आणि घरखर्चात महाराष्ट्राची ठरते.

२०२२-२३ मध्ये कर्नाटकाच्या शहरी भागात माणशी मासिक खर्च ७,६६६ रुपये, महाराष्ट्रात ६,६५७ रुपये निघाला. बेळगावकर श्रीमंत झाला, असा याचा अर्थ लावणे चूक. त्या सरासरीत बंगळुरूचे वजन आहे. उद्यमबागेतल्या फाउंड्री कामगाराचे किंवा वडगावच्या विणकराचे घर त्यातून दिसत नाही.

जानेवारी २०२५ पासून राष्ट्रीय सर्वेक्षणांसाठी घरे निवडताना जिल्हा हा मूळ घटक धरला जाऊ लागला आहे. ही फार उशिरा झालेली, तरी मोलाची सुधारणा आहे. पण जिल्ह्याचा आकडा निघाला तरी उसाचे चिक्कोडी आणि जंगलाकडेचे खानापूर एकाच सरासरीत राहतील. तालुक्याचे चित्र हवे असेल, तर तेवढी घरे नमुन्यात घ्यावी लागतील.