उशीपासून हाकेच्या अंतरावर

कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर घरी आणला की पहिला प्रश्न पडतो तो उंचीचा. छतापाशी लावायचा की जमिनीलगत? सिलिंडरमधला प्रोपेन-ब्युटेन हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साचतो. म्हणून त्याचा डिटेक्टर जमिनीजवळ. धूर गरम हवेबरोबर वर चढतो. म्हणून धुराचा अलार्म छताला. कार्बन मोनॉक्साइडला यांपैकी कोणताच नियम लागू पडत नाही. त्याचा रेणुभार २८, हवेचा सरासरी २९च्या आसपास. फरक इतका किरकोळ, की तो खोलीभर मिसळून जातो.

मग जागा कशावरून ठरवायची? माझं उत्तर आहे, तुमची उशी कुठे आहे यावरून.

या वायूला ना रंग, ना वास. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला २०० पटींहून अधिक ओढीने धरतं आणि ऑक्सिजनची जागा तो बळकावतो. जागा माणूस डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणून निदान बाहेर तरी पडेल. झोपलेल्याला यातलं काहीच कळत नाही. झोपेतच शुद्ध हरपते. म्हणून घरात एकच डिटेक्टर लावणार असाल, तर तो झोपायच्या खोल्यांच्या दाराबाहेर हवा. मजले जास्त असतील, तर प्रत्येक मजल्यावर एक.

लावल्यावर एक गोष्ट नक्की करून पाहा. रात्रीसारखं दार लावा, पंखा सुरू करा, पांघरूण डोक्यावरून घ्या आणि घरातल्या कुणाला तरी चाचणीचं बटण दाबायला सांगा. आवाज दूरवरून आल्यासारखा वाटला, तर खोलीतही एक लावा, अंथरुणावर पडल्यावर नाक असतं साधारण त्या उंचीवर. ज्यांना कमी ऐकू येतं, त्यांच्यासाठी हे टाळूच नका.

शेगडी किंवा गॅस गिझरच्या अगदी डोक्यावर मात्र तो नको. पेटवताना क्षणभर निघणाऱ्या वायूनेही तो वाजू शकतो, मग वैतागून कुणीतरी बॅटरी काढून ठेवतं आणि घर पुन्हा उघडं पडतं. किती अंतर ठेवायचं ते सोबतच्या माहितीपत्रकात असतं, ते वाचाच. न्हाणीघराची वाफ, खिडकीचा झोत, पडद्यामागची कोंडलेली जागा, हेही टाळा. धूर आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही ओळखणारा एकत्रित अलार्म असेल, तर धुराचं ऐकायचं: तो छतावर.

वायू आला की लगेच भोंगा वाजेल, असं नाही. अमेरिकेतल्या यूएल २०३४ या मानकानुसार हवेत दशलक्षात ७० भाग वायू असेल तर अलार्म १ ते ४ तासांत वाजतो. ४०० भाग असतील तर ४ ते १५ मिनिटांत. शरीरावरचा परिणाम प्रमाण आणि वेळ या दोन्हींवर अवलंबून असतो, म्हणून ही रचना.

डिटेक्टर उलटा करून पाठीमागची तारीखही पाहा. आतला सेन्सर साधारण ५ ते १० वर्षांत म्हातारा होतो. बटण दाबून भोंगा आणि बॅटरी तपासली जाते. सेन्सर शाबूत आहे की नाही, ते त्यातून सहसा कळत नाही. मी बदलायचं वर्ष पुढच्या बाजूलाच ठळक लिहून ठेवते.

आणि तो वाजला, तर वायू कुठून येतोय हे शोधत बसू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, बाहेर माणसं मोजा, मग अग्निशमन दलाला फोन करा. बाहेर बरं वाटलं तरी डॉक्टरांकडे जा. साध्या हवेत रक्तातला निम्मा वायू निघून जायलाच ४-५ तास लागतात.