टाळी-खाली आणि कंडक्टरचा हात

मैफलीत मांडीवर टाळी-खाली देणारा जाणकार आणि ऑर्केस्ट्रासमोर बॅटन (छोटी काठी) फिरवणारा कंडक्टर दोघंही हाताने मात्राच मोजतात, असा समज सर्रास आढळतो. शाळेच्या समूहगानासमोर उभ्या राहिलेल्या बाई मग टाळ्याच देत राहतात, आणि मुलं टाळी ऐकून गायला लागतात. म्हणजे दर वेळी थोडी उशिरा.

टाळी-खालीतून आवर्तनातली, म्हणजे तालाच्या एका फेरीतली, जागा कळते. त्रितालाच्या १६ मात्रा, चार-चारचे चार विभाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्यावर खाली, म्हणजे टाळी न देता हात बाजूला करायचा. हात पडतो त्याच क्षणी मात्राही पडते. लय ठेक्यात असते, आणि तबला गायकाच्या हाताच्या अंतरावर. श्रोत्याची टाळी चुकली तरी गाण्याचं काही बिघडत नाही, फार तर शेजारचा वळून बघतो. कर्नाटक मैफलीत गायक स्वतः उघडपणे ताल धरतो: आदितालाच्या आठ अक्षरांना एक थाप, तीन बोटं, मग थाप आणि उलटा तळवा असं दोनदा. तिथे हातावर भार जास्त, पण दाखवायची ती जागाच.

कंडक्टरचा हात मात्रेच्या आधी बोलतो. सुरुवातीला तो एक मात्रा हवेत देतो, ती अपबीट. त्या एका हालचालीतून लय, आवाजाची पातळी आणि स्वराची धार कळावी लागते, कारण फुंकून वाजवणारे तेवढ्यातच श्वास घेतात. अपबीट घाईत गेली आणि पुढची मात्रा सावकाश आली, तर निम्मे वादक एका लयीत सुटतात, निम्मे दुसऱ्या. बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीची सुरुवात त्यामुळेच नवख्यांना घाम फोडते. पहिला बार (मात्रांचा ठरावीक गट) विरामाने सुरू होतो आणि लगेच तीन झटपट स्वर तंतुवाद्यं आणि क्लॅरिनेटवाल्यांनी एकदम उचलायचे असतात. धरून ठेवायला आधीचं काही वाजलेलंच नसतं.

हाताचे आकार मात्र सोपे. चारच्या बारला हात खाली, डावीकडे, उजवीकडे, वर. तीनच्या बारला खाली, उजवीकडे, वर. पहिली मात्रा कायम खाली. हवेतल्या अदृश्य टेबलावर हात टेकून उसळतो, तो बिंदू स्पष्ट दिसला पाहिजे. हात नुसताच लाटेसारखा वाहिला तर प्रत्येक वादक मात्रा आपापल्या अंदाजाने ठरवतो. डावा हात उजव्याची नक्कल करत राहणं हाही नेहमीचा दोष. तो कुणाला आत घ्यायचं, आवाज किती चढवायचा आणि स्वर कुठे तोडायचा, यासाठी मोकळा ठेवायचा असतो.

हे सगळं डोळ्यांनीच का? आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. व्हायोलिनपासून १५ मीटर मागे बसलेल्या ट्रंपेटवाल्याला स्वर सुमारे ४४ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. तो कानावर विसंबून वाजवू लागला, तर पुढे पोचेपर्यंत उशीर दुप्पट. युरोपात पूर्वी जमिनीवर काठी आपटूनही ताल देत. १६८७ मध्ये पॅरिसला लुली या संगीतकाराने तशी काठी स्वतःच्या पायावर मारून घेतली, जखम चिघळली आणि तो त्यातच गेला.

सगळ्यात जास्त गफलत रूपकात होते. सात मात्रा, ३+२+२. समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, खाली; टाळ्या चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर. वाद्यवृंदासमोर कुणी हीच क्रिया केली, तर समेला हात बाजूला जातो आणि पाश्चात्त्य पद्धतीत शिकलेल्या वादकाला पहिली मात्रा दिसतच नाही. चौथीवरची टाळी तो पहिली समजतो. रूपक तीन असमान ठोक्यांत द्यावा: हात खाली लांब, उजवीकडे आणि वर आखूड. खालीचा हलकेपणा हाताच्या वजनातून दाखवता येतो, दिशा बदलायची गरज नाही.

समूहगानात बहुतेक काम केरवा आणि दादऱ्याचं असतं. मध्य किंवा द्रुत लयीत केरव्याच्या आठही मात्रा दाखवू नयेत, हात भिरभिरतो. पहिलीला हात खाली, पाचवीला वर, बस्स. दादऱ्यात पहिली आणि चौथी. गाणं खालीच्या मात्रेपासून उठत असेल तर अपबीट म्हणून खाली येणारा हात द्यायचा, आणि मुलांना आधीच बजावायचं की या हाताला श्वास, पुढच्याला शब्द. शेवटचा स्वर लांबवायचा असेल तर टाळी-खालीत त्याला खूणच नाही, आवर्तन पुढे जातच राहतं. कंडक्टर हात हवेत थांबवतो, स्वर भरला की लहानसा वळसा घालून तोडतो. तो वळसा घ्यायचा राहिला, की ‘स’ने संपणाऱ्या शब्दाचा फुत्कार पाच ठिकाणांहून पाच वेळा ऐकू येतो.