जीएसटी नंबर नाही म्हणून काम नाकारू नका

"जीएसटी नंबर काढल्याशिवाय परराज्यातलं काम घेता येत नाही," असं सोलापुरात घरून डिझाइन, अनुवाद करणाऱ्या कितीतरी मुलामुलींना सांगितलं जातं. हे खरं नाही. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल, तर महाराष्ट्रात नोंदणीची सक्ती नाही. 2017 मध्येच मिळालेल्या सवलतीमुळे परराज्यातल्या ग्राहकाच्या कामालाही हीच मर्यादा लागू होते. गैरसमजाचं मूळ मालविक्रीत आहे. परराज्यात माल विकणाऱ्याला सर्वसाधारणपणे पहिल्या बिलापासून नोंदणी लागते. चाटी गल्लीतल्या कापड दुकानदारांचा तो नियम लोकांनी लॅपटॉपवरच्या कामाला चिकटवला.

त्यापेक्षा आधी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यवसायाची सरकारी नोंदणी, करा. ती आधारवर, ऑनलाइन आणि फुकट होते. एजंटाला एक रुपयाही देऊ नका. तिचा खरा उपयोग पैसे थकल्यावर कळतो. लेखी करार नसेल तर 15 दिवसांत, असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत ग्राहकाने पैसे देणं कायद्याने बंधनकारक आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट व्याज. मात्र नोंदणी काम घेण्याआधीच करून ठेवा.

ओळखीत कामाच्या अटी लिहून मागायला संकोच वाटतो, हे मला कळतं. तरी मागाच. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्याचा टॉवेलचा कॅटलॉग असेल, तर एवढा मेसेज पुरतो: "24 पानं, दोनदा दुरुस्ती, निम्मे पैसे आधी, उरलेले फाइल देताना. मान्य असेल तर कळवा." उत्तर जपून ठेवा. आणि जीएसटी नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावायचा नाही.