मॅनेजर बदलला की टीम जिंकायला लागते?

इंग्लिश फुटबॉलबद्दल वर्षानुवर्षं फिरणारा मेसेज: टीम हरतेय, मॅनेजर (म्हणजे टीमचा मुख्य कोच) बदला, लगेच सुधारते. असं वाटणं साहजिकच आहे, कारण नवा माणूस आल्यावर रिझल्ट बरेचदा खरंच सुधारतात. पण मॅनेजरला काढतात कधी, तर चार-पाच मॅच सलग हरल्यावर, म्हणजे टीम स्वतःच्या नेहमीच्या लेव्हलच्याही खाली असताना, त्यात दुखापती असतात, नशीब असतं, आणि तिथून ती बहुतेक वेळा तशीही वर येतेच. लांब करिअर झालेल्या मॅनेजरांनीही असे महिने काढलेत, क्लबने धीर धरला एवढंच. चेक करायचंय? 1995-96 पासून टॉप डिव्हिजनचा, म्हणजे प्रीमियर लीगचा, सीझन 38 मॅचचा आहे, असे काही जुने सीझन घ्या, तेवढ्याच वाईट फॉर्ममध्ये मॅनेजर ठेवलेल्या आणि बदललेल्या टीम्सचे पुढच्या दहा मॅचचे पॉइंट्स शेजारी शेजारी मांडा, आणि समोर कोण होतं तेही बघा.